दोनशे बारा ओळींची पायवाट

आयुष्यात मला ज्या गोष्टीचा सगळ्यात जास्त हेवा वाटला ती अवघ्या दोनशे बारा ओळींची होती. त्याच कामासाठी मी लिहिलेली माझी गोष्ट अकरा हजार ओळींची होती. संगणकाच्या धंद्यातल्या माणसाला एवढ्यावरून माझं दुखणं कळेल. बाकीच्यांसाठी जरा पाल्हाळ लावावं लागेल, त्याला इलाज नाही.

मी आणि मल्लू, म्हणजे मल्लिकार्जुन, इंजिनिअरिंगला एका बाकावर होतो. तो गडहिंग्लजच्या पलीकडचा, घरात मराठी आणि कानडी दोन्ही बोलणारा, आईला अव्वा म्हणणारा. मी कोल्हापुरातच वाढलेला. नोकरीसाठी पुण्याला जायचं नाही असं दोघांनी ठरवलं आणि शाहूपुरीत एका टायरच्या दुकानावर तीन खोल्या घेऊन बसलो. दूधसंस्था, शाळा, पतसंस्था, अडते, मंगल कार्यालयं, जो येईल त्याला प्रोग्रॅम लिहून द्यायचे. पुढं रुखसाना आली. ती आली तेव्हाच आम्हा दोघांपेक्षा नीट काम करत होती, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

आता धंदा समजावतो. तुम्ही मोबाइलवर एखाद्या वेबसाइटचा पत्ता दाबता तेव्हा तुमची मागणी कुठंतरी ठेवलेल्या एका संगणकाकडे जाते. त्याला सर्व्हर म्हणतात. या सर्व्हरच्या दारात एक शिपाई लागतो. तहसील कचेरीत असतो तसाच. आलेल्या माणसाच्या हातातली चिठ्ठी वाचायची आणि ‘तुम्ही चार नंबरच्या टेबलावर जा, तुम्ही आतल्या खोलीत जा’ असं सांगायचं, एवढंच त्याचं काम. कुठली चिठ्ठी कुठल्या टेबलाला, ही जी यादी असते तिला आम्ही रूट म्हणतो. हा शिपाई प्रत्येक कामाला नव्यानं घडवत बसायचं म्हणजे रोज भाजीपुरती चटणी कांडण्यासारखं. त्यापेक्षा वर्षाची एकदाच कांडून बरणीत भरून ठेवतात. आमच्यात या बरणीला लायब्ररी म्हणतात. पुस्तकांचा काही संबंध नाही.

माझ्या बरणीचं नाव होतं ‘महाद्वार’. दोन वर्षं खपून लिहिली होती. तिच्यात शिपाई होता, पहारेकरी होता, पावत्या छापणारा होता, मराठी तारखा लिहिणारा होता, तिथी सांगणारासुद्धा होता. कुणी नुसतं ताट मागितलं तरी आम्ही पाट, रांगोळी, उदबत्ती आणि वाढप्यासकट पंगत मांडायचो. मला त्याचा अभिमान होता. अजूनही थोडा आहे.

त्या अभिमानाला पहिला तडा गेला तो गुळाच्या एका अडत्यामुळं. त्यांची वेबसाइट आम्ही करून दिली होती. महिन्याभरात ते जिना चढून वर आले आणि म्हणाले की सोमवारी आमचं दुकान बंद असतं, तेव्हा वेबसाइटही बंद पाहिजे. मी त्यांना समजावलं की वेबसाइट बंद ठेवायची नसते, तोच तर तिचा फायदा. ते ऐकेनात. “दुकान बंद आन् हे चालू, असं आमच्यात चालत न्हाय पावणं,” ते म्हणाले. “गिऱ्हाइकाला वाटंल, मालक मागल्या दारानं इकतोय.” महाद्वारात सोमवारची सुट्टी बसवायला मला चार दिवस लागले, कारण शिपायाला हात लावला की पहारेकरी पडायचा आणि पहारेकऱ्याला सावरलं की तिथी चुकायची. चौथ्या दिवशी मल्लू माझ्या मागं उभा राहून बघत होता. “विल्या, एवढ्याला एक ओळ लागाय पायजे की,” एवढंच बोलला आणि आपल्या टेबलावर जाऊन बसला.

दहाबारा दिवसांनी त्यानं मला दोनशे बारा ओळी दाखवल्या. नुसता शिपाई. पहारेकरी नाही, तिथी नाही, काही नाही. त्या वापरताना तुमच्या पहिल्या दोन ओळींत सर्व्हर उभा राहायचा, तिसऱ्या ओळीपासून तुम्ही आपले रूट सांगायला लागायचं. हवं ते बाकीचं तुम्ही बाहेरून आणा. सोमवारची सुट्टी खरोखरच एका ओळीत होत होती. त्यानं या बरणीचं नाव ‘पायवाट’ ठेवलं. मी म्हणालो, बरं आहे, लहान कामांना चालेल. घरी गेलो आणि जेवलो नाही.

मल्लूनं ती पायवाट इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवली. हळूहळू पत्रं यायला लागली. आधी नागपूर, हुबळी, मग परदेशातून. कुणी लिहायचं की आठवड्याचं काम एका दुपारीत झालं, कुणी नुसतेच आभार मानायचं. मल्लू प्रत्येक पत्र मला दाखवायचा. “विल्या, बघ की, बघ की,” म्हणत लहान पोरासारखा खुर्ची सरकवत यायचा. मला जळवायला म्हणून नव्हे, त्याला खरंच वाटायचं की मलाही तेवढाच आनंद होणार. तो माणूस कपटी असता तर माझं फार सोपं झालं असतं. महाद्वारही मी तसंच फुकट ठेवलं होतं. मला एकच पत्र आलं, सांगलीहून. हे काढून टाकायचं कसं, असं त्यानं विचारलं होतं.

मी त्या पायवाटेला पाण्यात पाहू लागलो. कुणी तिचं कौतुक केलं की मी तिच्यात काय काय नाही याची यादी सांगायचो. आणि पुतणीच्या लग्नाची पत्रिका वेबवर टाकायची वेळ आली तेव्हा घरी बसून गुपचूप पायवाटच वापरली. बायकोला सांगितलं की महाद्वार आहे. तिनं विचारलंही नव्हतं.

आमच्या कचेरीत एक रिवाज होता, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझ्या वडिलांची लग्नपत्रिकांची प्रेस होती. एकदा त्यांनी नवरदेवाच्या जागी सासऱ्याचं नाव छापलं आणि तेव्हापासून दुसऱ्या माणसानं वाचून सही केल्याशिवाय कुठलाही कागद यंत्रावर चढला नाही. हा रिवाज मी आमच्याकडे आणला. दर शनिवारी अकरा वाजता आठवड्याचा कोड कागदावर छापायचा, मी मल्लूचा वाचायचा, मल्लूनं माझा, हातात पेन्सिल घेऊन. खाली सही नसेल तर कोड बाहेर जायचा नाही. बाहेरचे लोक हसायचे. आमचं म्हणणं, पडद्यावर लपलेली चूक कागदावर सापडते. या शनिवारांच्या वाचनात आम्ही एकमेकांच्या इतक्या चुका काढल्या की एखाद्या जोडप्यानंही काढल्या नसतील.

मार्चमधल्या एका शनिवारी पायवाटेच्या नव्या आवृत्तीचा कागद माझ्यासमोर आला. एकशे एकोणचाळिसाव्या ओळीवर माझी पेन्सिल थांबली.

त्या ओळीत शिपाई यादी वरून खाली वाचत जायचा आणि चिठ्ठीशी जुळणारी पहिली नोंद मिळाली की तिथंच थांबायचा. यात तसं वावगं काही नाही, पुष्कळ ठिकाणी असंच करतात. पण समजा, यादीत वर लिहिलंय की ‘विद्यार्थी’ या शब्दापुढं काहीही असेल तर त्याला त्या नंबरच्या मुलाची माहिती दाखव. आणि खाली लिहिलंय की ‘विद्यार्थी’पुढं ‘नवीन’ असेल तर प्रवेशाचा अर्ज दे. शिपाई खालच्या ओळीपर्यंत कधी पोचणारच नाही. तो ‘नवीन’ हा मुलाचा नंबर समजून बसेल. एका शाळेच्या कामात मी हे भोगलं होतं, प्रवेशाचा एकही अर्ज आला नाही म्हणून हेडमास्तर आमच्यावर ओरडले होते. तेव्हापासून महाद्वारात मी सोय केली होती की दोन नोंदी एकमेकींवर चढल्या तर सर्व्हर सुरू होतानाच ओरडून सांगायचा. पायवाटेत ते ओरडणं नव्हतं. मल्लूला ते सुचलं नव्हतं, कारण ती शाळा माझी होती.

सांगायला एक मिनिट लागलं असतं. मी पेन्सिल टेकवली होती. मग उचलली आणि खाली सही केली.

का, ते स्पष्टच लिहितो. मला वाटलं, एकदा तरी तोंडावर पडू दे. कुठल्यातरी दूरच्या देशात कुणाचं तरी काहीतरी बिनसेल, तो पत्र लिहील आणि मल्लू ‘बघ की’ म्हणत तेही पत्र मला दाखवील. त्या पत्राची मी उन्हाळाभर वाट पाहिली.

त्याच वर्षी एका दूधसंघानं जनावरांचा डॉक्टर बोलवायची सोय मोबाइलवर करायचं काम आम्हाला दिलं. गावातल्या संस्थेच्या सचिवानं आपल्या गावाचं नाव दाबायचं, ते गाव डॉक्टरांच्या पुढच्या फेरीच्या यादीत चढायचं. मी अर्थातच महाद्वार सुचवलं. संघाच्या संगणक विभागातल्या साहेबांनी दोन्ही घेऊन गगनबावड्याच्या बाजूला जाऊन पाहिलं. तिथं मोबाइलला रेंज म्हणजे असली तर असली. पायवाट उघडली, महाद्वार उघडता उघडता साहेबांचा चहा थंड झाला. काम पायवाटेवर झालं. त्यानंतर पायवाटेचे कागद मी नीट वाचणं सोडून दिलं. सही करायचो, पण फुगून.

सोय उत्तम चालली. दिवाळीनंतर डॉक्टरांनी मागणी केली की फेरीची वाट बघता येणार नाही अशा जनावरासाठी ‘तातडी’ असं वेगळं बटण द्या, ते दाबलं की आमचा फोन थेट वाजला पाहिजे. मल्लूनं यादीच्या तळाला एक ओळ वाढवली. वरती, पहिल्याच ओळीत, ‘बोलावणं’ या शब्दापुढं जे काही येईल ते गावाचं नाव समज, असं लिहिलेलं होतंच. शनिवारी एका ओळीचा तो कागद माझ्याकडे आला. मी बशी बाजूला केली, सही केली, बशी परत कागदावर ठेवली. मल्लूनं आपल्या मोबाइलवर बटण दाबून पाहिलं. ‘नोंद झाली’ असं आलं. झालीच होती. तातडी नावाचं गाव कुठल्याच यादीत नसल्यामुळं ती नोंद ‘अनोळखी गाव’ या खणात गेली होती, आणि तो खण संघाचा कारकून रोज चार वाजता उघडायचा.

आठ दिवसांनी शाहूवाडीच्या डोंगरातल्या एका वाडीत यशोदाबाई नावाच्या बाईंची म्हैस अडली. रेडकू आडवं आलं होतं. सचिवानं सकाळी सातला तातडीचं बटण दाबलं. डॉक्टर पोचले तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. रेडकू पोटातच गेलं होतं. म्हैस दिवस मावळायच्या आत गेली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांबरोबर आम्ही दोघं तिथं गेलो. कुणी या म्हटलं नव्हतं, मल्लूच म्हणाला जायला पाहिजे. यशोदाबाई पन्नाशीच्या, नवरा नाही, मुलगी सासरी. गोठ्यात वैरण तशीच पडली होती. मल्लूनं हात जोडले आणि मावशी, चूक माझी हाय, दुसऱ्या कुणाची न्हाय, असं सरळ सांगितलं. बाईंनी आधी आम्हाला बसायला घोंगडं टाकलं. मग म्हणाल्या, “चूक कुनाची बी असूंदे. फोनवर नोंद झाली असं आलं म्हनून म्या दुसऱ्या कुनाला बलिवलंच न्हाई. मलकापूरचा डॉक्टर तासात आला असता. म्या आपली रस्त्याकडं बघत बसलती.”

हे त्या भांडायच्या सुरात बोलल्या नाहीत. मी खाली मान घालून घोंगड्याचे धागे बघत होतो. मला तिथंच बोलायला पाहिजे होतं. पुढं संघानं त्यांना दुसरी म्हैस दिली, पण त्याचा आणि माझा काही संबंध नाही.

परत येताना आमची गाडी बांबवड्याला पोचली. तेव्हा मल्लू म्हणाला, पायवाट बंद करायची. माझ्यात ती काळजी न्हाय, तुझ्यात हाय. उद्यापासनं तुझं महाद्वार बसवूया.

वाचकहो, त्या क्षणी मला आनंद झाला. मेलेल्या म्हशीच्या दारातून परत येताना, माझी बाजू खरी ठरली म्हणून, मला आनंद झाला. इतक्या वर्षांत मल्लूच्या तोंडून जे ऐकायची इच्छा होती ते तो बोलला होता. तो आनंद फार वेळ टिकला नाही, पण झाला होता हे खोटं कसं म्हणू?

मी कामाला लागलो. महाद्वारातली तिथी काढली, पावत्या काढल्या, पहारेकरी बारीक केला. तरी गगनबावड्याच्या बाजूनं रोज निरोप यायचा की उघडत नाही. एका सचिवानं तर मोटरसायकलवरून डॉक्टरांना आणायला माणूस पाठवला. म्हणजे माझ्या हट्टापायी आणखी एखादी म्हैस मरणार होती, आणि हे मला सगळ्यांच्या आधी कळत होतं.

त्याच आठवड्यात पायवाटेच्या पानावर मल्लूनं सूचना लावली की ही लायब्ररी वापरू नका, तिच्यामुळं एका घराचं नुकसान झालं आहे. खाली त्यानं एक वाक्य वाढवलं होतं. माझा कोड वाचणारा माझा भागीदार अतिशय काटेकोर माणूस आहे, त्याच्या नजरेतून सुटलं एवढं हे अवघड होतं, त्याला कुणी दोष देऊ नये. जगभरातून लोक विचारत होते की नेमकं झालं काय, आणि प्रत्येकाला मल्लू हेच उत्तर पाठवत होता.

शनिवार होता. अकराचा चहा आला होता. मी माझी खुर्ची त्याच्या टेबलाशी नेली.

“मल्लू, ती ओळ मला मार्चमध्येच दिसली होती,” मी म्हणालो.

“कुठली?”

“एकशे एकोणचाळीस. शाळेत झालं होतं तेच. मी पेन्सिल टेकवली आणि उचलली.”

त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. “का रं?”

“तुझं सगळं चांगलं चाललं होतं म्हणून.”

खाली दुकानात ट्रकमधून टायर उतरवत होते. मल्लू शिवी देईल असं वाटलं होतं. दिली असती तर बरं झालं असतं. “ती बाई सकाळपासनं रस्त्याकडं बघत बसलती,” तो म्हणाला. मग चष्मा पुसून डोळ्यावर चढवला. “ते ओरडणं कसं घालायचं पायवाटेत, सांग.”

मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. आठ ओळी लागल्या. दोन नोंदी एकमेकींवर चढल्या की पायवाट आता सर्व्हर सुरूच होऊ देत नाही. सोमवारी संघाचं काम परत पायवाटेवर गेलं, तातडी बटण दाबल्यावर डॉक्टरांचा फोन वाजला, आणि महाद्वार ज्या शेवटच्या जागी चालू होतं तिथूनही मी स्वतःच्या हातानं ते बंद केलं. मल्लूनं पानावरची सूचना काढली. माझ्याबद्दलचं वाक्यही काढलं. त्याच्या जागी दुसरं काही लिहिलं नाही.

त्यानंतर आमच्यात काही बिघडलं असं कुणाला दिसलं नाही. डबा एकत्रच खायचो. अव्वा गेल्या तेव्हा मी गडहिंग्लजला पाच दिवस राहिलो. त्यानं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, मला टोमणा मारला नाही. फक्त पुढच्या शनिवारी त्यानं प्रिंटरवरून आपले कागद उचलले, माझ्या टेबलावरून पुढं गेला आणि ते रुखसानासमोर ठेवले. ‘बाई, जरा बघून द्या,’ म्हणाला. तिनं गोंधळून माझ्याकडे पाहिलं. “विलाससर हाईत की,” ती म्हणाली. “तुम्हीच बघा,” मल्लू म्हणाला. माझा कोड मात्र तो माझ्या निवृत्तीपर्यंत दर शनिवारी वाचत राहिला, चुका काढत राहिला, सही करत राहिला.

यशोदाबाईंना मी अजून काही सांगितलेलं नाही. एकदा मलकापूरपर्यंत जाऊन परत आलो.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. मल्लू थांबायला तयार नाही. शनिवारी अकराला मी चहाच्या निमित्तानं जिना चढून जातो. पायवाट आता तीनशेच्या वर ओळींची झाली आहे, जगात कुठं कुठं चालते ते मल्लूलाही सांगता येत नाही, आणि खरं सांगतो, त्याचा मला आता हेवा वाटत नाही. परवा गेलो तेव्हा रुखसाना कागद वाचत होती. मध्येच तिनं एका ओळीवर पेन्सिल टेकवली आणि म्हणाली, मल्लूसर, हे मला पटत न्हाय. मल्लू उठून खुर्ची ओढत तिच्याशेजारी जाऊन बसला आणि दोघं तावातावानं भांडायला लागले. मी समोर बसलो होतो. कागद मला उलटा दिसत होता, तरी मी वाचला. तिची पेन्सिल बरोबर जागी होती. माझीही तिथंच थांबली असती. मला कुणी विचारलं नाही.